एक जूनची मुलं

आमच्याकडच्या बालगृहातल्या बऱ्याच मुलांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी जूनची पहिली तारीख लिहून मोकळे व्हायचे, हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. घराघरांतून असे एक जूनवाले काका-मामा असतात आणि त्यांचं त्या तारखेवाचून काही अडत नाही. बालगृहातल्या मुलाचं मात्र सगळं आयुष्य त्या तारखेला बांधलेलं असतं. कागदावर १८ पूर्ण झाली की त्याचा तिथला मुक्काम संपतो.

बसस्टँडवर किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेल्या मुलाचं वय कसं ठरवायचं, याचा क्रम कायद्याने घालून दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. हाडांवरून निघतो तो अंदाज असतो, त्यात वर्ष-दोन वर्षं इकडची तिकडे होऊ शकतात. मग त्या अंदाजावर एक तारीख लिहिली जाते आणि पुढे कधीतरी तीच तारीख त्या मुलाला सामान बांधायला लावते.

मी कोल्हापुरात गणित शिकवते. शाळा सुटल्यावर बालगृहातल्या दहावीच्या मुलांचा अभ्यास घ्यायला जाऊ लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला माझं लक्ष फक्त त्यांच्या बीजगणितावर होतं. मुलं पास होत, पेढे देत, पुढच्या वर्षी नवी मुलं येत. आधीची कुठे गेली हे मी विचारत असे आणि ‘आयटीआयला गेला’, ‘मावशीकडं गेली’, ‘पुण्याला लागला कुठंतरी’ अशी उत्तरं मिळत. पुढे त्यातल्या एकेकाचे फोन येऊ लागले, तेव्हा त्या ‘कुठंतरी’मध्ये काय काय असतं हे कळत गेलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी कायद्याचं, कारण कायद्यात काहीच नाही असा पुष्कळांचा समज असतो आणि तो खरा नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ४६व्या कलमात १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक मदत देता येईल, अशी तरतूद आहे. द्यावीच लागेल, असं बंधन मात्र नाही. २०१६ च्या आदर्श नियमांत बरंच तपशिलाने लिहिलं आहे. वयाच्या २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत अनुरक्षण म्हणजे नंतरची काळजी. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती घरं. शिकत असेल तोवर विद्यावेतन, धंद्यासाठी कर्ज मिळवून द्यायला मदत, समुपदेशन. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा, हेही त्यातच आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुरक्षणाची रक्कम दरमहा ४,००० रुपये केली. आधीच्या योजनेत ती २,००० होती.

हे सगळं ज्यांनी लिहिलं त्यांना विषय नीट कळला होता, असं मला वाटतं. अडचण पुढे येते. चार हजार रुपयांत पुण्यात कॉट बेसिसवरची जागा आणि मेसचा डबा एवढंही नीट बसत नाही, कोल्हापुरात कसंबसं बसतं. तेही अर्ज वेळेवर मंजूर होऊन पैसे खात्यात आले तर. मुलांची अनुरक्षणगृहं राज्यात मोजकी आहेत. इचलकरंजीत लेथवर काम शिकत असलेला मुलगा केवळ राहायला मिळतं म्हणून दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात कसा जाईल? आणि दोन महिन्यांत आयुष्याचा आराखडा? आपल्या घरातल्या मुलाची बारावीनंतरची शाखा ठरवायला आपण दोन वर्षं घेतो, चार जणांना विचारतो, तरी मध्येच बदलतो.

त्या दोन महिन्यांत प्रत्यक्षात कागद गोळा करणं होतं. आधारवर पत्ता बालगृहाचा. बँकेचं खातं अज्ञान म्हणजे अल्पवयीन म्हणून उघडलेलं, त्यावर अधीक्षकांची सही. सज्ञान झाल्यावर नव्याने केवायसी करायची, त्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, आणि पत्ता तर आता बदलणार. आईवडील दोघेही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र, ते महिला व बालविकास विभागाच्या विभागीय उपायुक्तांकडून येतं. आमच्या विभागाचं ते कार्यालय पुण्यात. जातीचा दाखला बहुतेकांना मिळतच नाही, कारण वडिलांच्या बाजूचा पुरावा लागतो आणि इथे वडिलांचं नावच ठाऊक नसतं. शाळा सोडल्याचा दाखला एका गावचा, आधी राहिलेलं बालगृह दुसऱ्या गावचं, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. मी अशा एका मुलाबरोबर सेतू केंद्रात बसले होते. टेबलावरच्या मुलीने मान वर न करता ‘वडिलांचं पूर्ण नाव?’ असं विचारलं. त्याने शांतपणे ‘नाही’ म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. शेवटी तिने वर पाहिलं, तिला उमगलं, आणि ती उठून स्वतः साहेबांकडे गेली. त्या मुलीचे मी आजही मनात आभार मानते. सगळीकडे असं उठून जाणारं कुणी नसतं.

कागदांची लढाई निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त आहेत.

संस्थेत वाढलेल्या मुलाने कधी एकट्यासाठी काही केलेलं नसतं. एक मुलगी नर्सिंगच्या कोर्सला लागली, दोघींनी मिळून राजारामपुरीच्या मागच्या बाजूला खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला, ‘मॅडम, दोघींच्या खिचडीला तांदूळ किती घालायचे?’ ही मुलगी साठ माणसांच्या पोळ्यांची कणीक एकटीने मळायची. डाळीचं मोठं पातेलं चुलीवरून दोघींनी मिळून कसं उतरवायचं, मीठ ओंजळीने कसं टाकायचं, हे तिला पक्कं माहीत होतं. अर्धी वाटी तांदूळ तिच्या हाताला माहीत नव्हता. किराणा दुकानात पाव किलो तूरडाळ मागायची, गॅसचा रेग्युलेटर बसवायचा, वीजबिल आलं तर कुठे भरायचं, ओळखीच्या माणसाने दोनशे रुपये उसने मागितले तर नाही कसं म्हणायचं, यातलं काहीच वेळापत्रकात नव्हतं. घरातलं मूल दहाव्या वर्षापासून कोथिंबीर आणायला पळत असतं, उरलेल्या पैशांचा हिशेब देत असतं, त्यातच सगळं शिकून जातं. बालगृहात बाजारहाट मुलांना करूच देत नाहीत. त्यांच्या सुरक्षिततेसाठीच तो नियम असतो आणि तो करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण सोळाव्या वर्षानंतर तरी दर आठवड्याला पन्नास रुपये आणि एक पिशवी मुलाच्या हातात द्यायला हरकत नसावी. जीवनकौशल्यांच्या कार्यशाळेत पडद्यावर स्लाइड दाखवून पैशाचं नियोजन शिकवतात, त्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

दुसरा एक मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लागला. हुशार, हाताला वळण चांगलं. त्याची खोली झाली, गादी झाली, बादली-मग झाला. आठवड्याभरात कळलं की तो खोलीवर झोपतच नाही. सेकंड शिफ्ट संपली तरी कारखान्यातच शेडच्या कडेला पथारी टाकतो. मालकाला वाटलं, रात्री काही चोरतो की काय. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, खोलीत दुसरं कोण श्वास घेत नाही. झोपच लागत नाही.’ चौथ्या वर्षापासून तीस मुलांच्या हॉलमध्ये झोपलेला मुलगा तो. दाराला आतून कडी लावायची, बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, हेही त्याच्यासाठी नवीन. किल्लीचा त्याला फार अभिमान होता, ती तो गळ्यात दोऱ्यात घालून ठेवायचा. पण रात्रीच्या शांततेचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्याच्यासोबत संस्थेतलाच एक सीनियर मुलगा राहायला आला आणि प्रश्न सुटला.

तीन महिन्यांनी सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला म्हणून त्याने ती नोकरी सोडली. पगाराचे राहिलेले दिवसही मागायला गेला नाही. या मुलांच्या नोकऱ्या टिकत नाहीत अशी तक्रार उद्योजक करतात, संस्थाचालकही करतात, आणि ती खोटी नाही. पण पहिली नोकरी मध्येच सोडून आलेला मुलगा तुमच्या-माझ्या घरात काय ऐकतो? वडील चिडतात. आई जेवायला वाढते. मामाला फोन जातो. कुणीतरी म्हणतं, ‘अरे बोलला तर बोलला, उद्या परत जा, महिनाभर तोंड मिटून काम कर, मग बघू.’ आणि मुलगा जातो. ते सांगणारं माणूस नसलं की राग ओसरायला जागाच राहत नाही. पुढची नोकरी शोधेपर्यंत खोलीचं भाडं थकतं, डिपॉझिट वळतं करून घेतलं जातं, गादी मित्राकडे ठेवून मुलगा मित्राच्या मित्राकडे झोपू लागतो. एका बोलण्यावरून सुरू झालेली घसरण दोन महिन्यांत रस्त्यावर येऊन थांबते. म्हणून नोकरी लावून दिली, काम झालं, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. नोकरी सुटेल तेव्हा मुलगा कुणाकडे येणार आहे, हे आधी ठरलेलं असायला हवं.

खोली मिळणं हे तर वेगळंच प्रकरण आहे. अकरा महिन्यांचा भाडेकरार, डिपॉझिट, पोलीस पडताळणी, हे सगळ्यांनाच असतं. पण त्याआधी घरमालक विचारतात, ‘गाव कुठलं? घरी कोण कोण?’ मुलगा खरं सांगतो. मग गप्पा थांबतात. उपनगरातल्या एका भल्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, पोरगं चांगलं दिसतंय ओ. पण रिमांड होमातलं म्हंजे... वाईट वाटून घेऊ नका. घरात पोरीबाळी हाईत.’ मी त्यांना समजावलं की रिमांड होम म्हणतात ती निरीक्षणगृहं कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी असतात, आणि हा मुलगा आईवडील नाहीत म्हणून बालगृहात वाढला. त्यांनी मान हलवली, पण खोली दिली नाही. आणि खरं तर मी दिलेलं ते स्पष्टीकरणही मला नंतर टोचत राहिलं. निरीक्षणगृहातून बाहेर पडलेल्या मुलालाही रात्री पाठ टेकायला जागा लागतेच की.

मुलींच्या बाबतीत सगळ्यांना एक उत्तर तयार सापडतं, ते म्हणजे लग्न. संस्थेतल्या मुलीचं लग्न गावात मोठ्या हौसेने होतं. कुणी हॉल देतं, कुणी संसाराची भांडी, कुणी मणिमंगळसूत्र. जिल्ह्याचे मोठे अधिकारी सपत्नीक येऊन कन्यादान करतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. या लग्नांत राबणाऱ्या माणसांचा जिव्हाळा मी जवळून पाहिला आहे, आणि त्यातल्या कित्येक मुली सुखात नांदत आहेत. तरीही विशी न गाठलेली मुलगी लग्नाला हो म्हणते तेव्हा तिला नवरा हवा असतो की छप्पर, हे तिला तरी कुठे वेगळं काढता येतं? आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचा हिशेब कुणीच केलेला नसतो. दिवाळसण असतो. पहिली मंगळागौर असते. नागपंचमीला सगळ्या सुना माहेरी जातात आणि ही एकटी सासरी उरते. त्या दिवशी सासूही हिला काही बोलत नाही, आणि ते न बोलणंच हिला सोसत नाही.

एका मुलीला करवीर तालुक्यातल्या एका गावात दिलं होतं. सातवा महिना लागल्यावर सासूने सरळ विचारलं, ‘बाळंतपणाला कुठं जाणार?’ त्या विचारण्यात वाईट काही नव्हतं, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं हे त्या घराने गृहीत धरलं होतं. मुलीने संस्थेत फोन केला. संस्था काय करणार? बालगृहात सज्ञान बाईला ठेवता येत नाही, नियमाने ते बरोबरच आहे. मग संस्थेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘माझ्याकडं येऊ दे.’ मावशींचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, मानधनावरची नोकरी. त्यांनी पुढच्या खोलीत बाज टाकली. मुलगी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली आणि तिथून बाज टाकलेल्या त्या खोलीत आली.

मी भेटायला गेले तेव्हा मावशी पाटावर बसल्या होत्या, पाय लांब केलेले, पायांवर बाळ पालथं, आणि तांब्यातलं पाणी दुसऱ्या हाताने बेताने ओतत त्याच्या पाठीला चोळत होत्या. चुलीवर आळिवाची खीर. कोपऱ्यातल्या शेगडीत ओवा आणि वावडिंग टाकलेलं, त्याचा वास घरभर. फळीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मुलीच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, कानात कापूस. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘मावशी गार पाण्याला हातसुद्धा लावू देत नाहीत.’ तक्रारीच्या सुरात म्हणाली, आणि ती तक्रार करताना ती केवढी सुखी होती! पाचवीला सासरची माणसं आली. मावशींनी पाटावरवंटा मांडून सटवाईची पूजा केली, सासूला हळदीकुंकू लावून खण दिला, व्याह्यांना जेवू घातलं. त्या दिवसापासून त्या घरात हिच्याशी बोलण्याची रीत बदलली, असं ती पुढे म्हणाली. हिला विचारणारं माणूस आहे, हे त्यांना दिसलं होतं.

अनुरक्षणाच्या कुठल्याही आराखड्यात बाळंतपण असा रकाना मी पाहिलेला नाही. मुलगी एकविसाव्या वर्षी सगळ्या यादीतून गळते, आणि आपल्या माणसाची सगळ्यात मोठी गरज बहुतेकींना त्यानंतर लागते. मावशींनी केलं त्याचे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. पण एवढं मोठं काम जिच्या मानधनात घर चालत नाही अशा बाईच्या माया असण्यावर सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. अशा घराला त्या दोन महिन्यांचा खर्च देण्याची सोय जिल्ह्याकडे का नसावी?

महाराष्ट्राला हे नवीन असायला नको होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे शाळेत आपण पाठ करतो. त्या गृहात आलेल्या काशीबाई या विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. यशवंत वाढला, डॉक्टर झाला. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस केलं. विधवेच्या पोटच्या मुलाला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते, तेव्हा ज्ञानोबा ससाणे यांच्या राधाशी १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न लावून दिलं. १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ सावित्रीबाई रुग्णांसाठी राबल्या, तेव्हा तिथे दवाखाना चालवायला यशवंत होता. त्या घराने नाव दिलं, शिक्षण दिलं, सोयरीक जुळवली, इस्टेट दिली, आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याकडे आपलं काम हक्काने मागितलं. मूल वाढवणं म्हणजे इतकं सगळं असतं.

सिंधुताई सपकाळांनीही अठरा पूर्ण झाली म्हणून कुणाला दार दाखवलं नाही. मुलं शिकली, त्यांची लग्नं झाली, आणि माई भाषणांतून आपले जावई आणि सुना मोजून दाखवत. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा त्यांच्या संस्था सांभाळायला त्यांच्याच हाताखाली वाढलेली माणसं उभी राहिली. तिकडे अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिव्यांग अनाथ मुलांना आपलं आडनाव लावलं आणि अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न वर्षानुवर्षं सरकारदरबारी लावून धरला. चालता-बोलता न येणाऱ्या किंवा बुद्धीने लहानच राहिलेल्या मुलाला अठराव्या वर्षी ‘आता तू मोठा झालास’ असं सांगणं किती क्रूर आहे, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी मांडलेलं नाही. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांनी वाढवलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससी उत्तीर्ण झाली. ती वयाने अठरा ओलांडून कितीतरी पुढे गेली होती. अठराव्या वर्षी बाहेर काढलं असतं तर ती तिथवर पोचली असती का?

पण माई आणि शंकरबाबा यांच्यासारखी माणसं पिढीत एखादीच निपजतात. त्यांच्या जिवावर एक अख्खी व्यवस्था उभी राहत नाही. व्यवस्थेला जमतं तेव्हा जमतं, त्याचंही उदाहरण आहे. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या एका मुलीने एमपीएससीत चांगले गुण मिळवले, पण तिच्यासाठी वेगळा प्रवर्ग नसल्यामुळे तिची निवड होऊ शकली नाही. ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, आणि २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणलं. एकटी मुलगी उभी राहिली म्हणून तिच्यामागून येणाऱ्यांना वाट मिळाली.

त्या वाटेवरून सगळ्यांना जाता येत नाही. बालगृहातली पुष्कळ मुलं संपूर्ण अनाथ नसतात. आई असते, ती धुणीभांडी करते, किंवा तिने दुसरं लग्न केलेलं असतं, किंवा ती मनाने आजारी असते. वडील असतात; ते दारूत बुडालेले असतात. फाइलवर ‘पालक आहेत’ असा शेरा पडतो आणि अठराव्या वर्षी मुलगा त्या पालकाकडे जातो, ज्या कारणासाठी त्याला तिथून आणलं होतं ते कारण तिथे तसंच बसलेलं असतं. आता तर तो कमावण्याच्या वयाचा. पहिल्याच महिन्यात त्याचा पगार घरातून वाहून जातो. या मुलांना अनाथ प्रमाणपत्र नाही आणि त्यांच्यासाठी गहिवरणारंही कुणी नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त हरवतात ती हीच मुलं.

कोविडनंतर एक गोष्ट मला ठळकपणे दिसली. त्या साथीत दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्राने पीएम केअर्समधून योजना केली, त्यात १८ ते २३ वर्षांपर्यंत दरमहा विद्यावेतन आणि २३ पूर्ण झाल्यावर १० लाख रुपये अशी तरतूद ठेवली. म्हणजे अठराव्या वर्षी हातात एकरकमी पैसे ठेवून चालत नाही, माणूस स्थिरावायला तेवीसपर्यंत वेळ लागतो, हे सरकारला नीट कळलेलं आहे. मग ज्याचे आईवडील क्षयाने गेले, अपघातात गेले, किंवा ज्याला जन्मतःच कुणी सोडून दिलं, त्याच्या बाबतीत हे शहाणपण का लागू होऊ नये? मूल तर त्याच वयाचं आहे.

आमच्याकडे बाहेर पडलेल्या मुलांनीच हळूहळू एक रीत पाडली आहे. शिरोलीतल्या त्या दोघांनी खोली बदलून दोन खोल्यांची जागा घेतली आणि एक गादी कायम मोकळी ठेवली. जूनमध्ये जो बाहेर पडेल तो आधी तिथे उतरतो. महिना-दोन महिने राहतो, काम लागलं की आपली सोय बघतो, नोकरी सुटली की परत येतो. परत आल्यावर सीनियर त्याला बोलतात, जेवायला घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून कामाला धाडतात. भांडणंही होतात, गॅस कुणी संपवला, लाइटबिल कुणी भरलं नाही. मुलींसाठी असं अजून जमलेलं नाही. फक्त मुलींना घर द्यायला मालक कचरतात, आणि मुलींच्या मनातही सुरक्षिततेची भीती खरीच असते. दोघी-तिघी नर्सिंग झालेल्या मुली आता त्यासाठी जागा बघत आहेत.

हे वाचून मदत करावीशी वाटली तर कृपा करून बालगृहात केक घेऊन जाऊ नका. वाढदिवसाचे केक तिथे पुष्कळ येतात, मुलं पाहुण्यांसाठी शहाण्यासारखी ओळीत बसतात आणि गाणं म्हणतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. तिथे जा. ओळखीचे कागद सोबत न्या, कारण ते तुमची चौकशी करतील आणि ती त्यांनी करायलाच हवी. तुमची एखादी खोली भाड्याने द्यायची असेल तर ती सांगा. कारखाना असेल तर पहिले सहा महिने पोराला सांभाळून घेईल असा एक जुना कामगार नेमून द्यायची तयारी सांगा. बाई असाल, घरात जागा असेल, तर एखाद्या मुलीचं बाळंतपण कराल का याचा घरी विचार करून जा. आणि तिथल्या माणसांना एवढंच विचारा की येत्या जूनमध्ये कोणाकोणाची अठरा पूर्ण होत आहेत, आणि त्यातल्या कुणाच्या भाडेकरारावर सही करायला माणूस मिळालेलं नाही.